कंबरदुखी गेली म्हणता म्हणता परत येते? मग व्यायाम नेमका कुठे फसतोय ते शोधू

ज्याला हा प्रॉब्लेम आहे त्याला वेगळं काही सांगायला नको. कंबर धरते, चार-आठ दिवस धड सरळ उभं राहता येत नाही, गोळ्या होतात, शेक होतो, कुणीतरी व्यायामाचा कागद हातात देतं, तो मनापासून केलाही जातो, हळूहळू बरं वाटतं आणि बरं वाटलं की येरे माझ्या मागल्या. मग काही महिन्यांनी जमिनीवर पडलेलं साधं पेन उचलताना परत तीच चमक, आणि माणूस ठरवून टाकतो की व्यायामाने काही होत नाही, आपली कंबरच तशी आहे. असं ठरवू नका, प्लीज. व्यायाम बहुतेक वेळा दोनच जागी फसतो. एक तर तो तुमच्या दुखण्याच्या जातीचा नसतो, किंवा दुखणं थांबलं त्याच आठवड्यात तो बंद पडतो, आणि नेमकं तेव्हाच त्याचं महत्त्वाचं काम बाकी असतं.

पण व्यायामाला हात लावायच्या आधी एवढं तपासाच. लघवी अडकतेय किंवा न कळत होतेय, संडासवरचा ताबा गेलाय, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधीर झालाय, पायातली ताकद कमी कमी होत चाललीय, चप्पल पायातून निसटते आणि पत्ता लागत नाही, यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा, तिथे तासांचा हिशोब असतो. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला, हाडं ठिसूळ झालेली, बरेच महिने स्टिरॉइड चालू, किंवा कुशी बदलूनही रात्रभर न थांबणारी कळ, या सगळ्यात आधी डॉक्टर आणि मग बाकीचं. आणखी एक प्रकार फार लोकांच्या लक्षातच येत नाही. वय चाळिशीच्या आत, तीन महिन्यांहून जास्त दिवस दुखतंय, पहाटे दुखण्यानेच जाग येते, सकाळी अर्धा तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली असते, हालचाल केली की मोकळं वाटतं आणि आराम केला की उलट वाढतं. असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिससारखा मणक्याचा संधिवात असू शकतो, त्यात व्यायाम लागतोच पण नुसत्या व्यायामावर भागत नाही.

यातलं काही नसेल तर तुम्ही बहुसंख्य लोकांमध्ये आहात. कंबरदुखीच्या साधारण ९० टक्के केसेसमध्ये बोट ठेवता येईल असं एक ठराविक कारण सापडतच नाही, आणि ही खरं तर चांगली बातमी आहे, कारण मागे गंभीर आजार नसतो.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरलेले लोक खूप भेटतात म्हणून त्याबद्दल थोडं. 'डिस्क बल्ज' (दोन मणक्यांमधली गादी बाहेर फुगणं), 'डीजनरेशन' (गादीची झीज) हे शब्द वाचले की माणूस वाकायचंच बंद करतो. २०१५ मध्ये ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,००० हून जास्त लोकांच्या स्कॅनचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ३० टक्के लोकांमध्ये बल्ज होता, ऐंशीच्या वयात तर हेच आकडे ९६ आणि ८४ टक्क्यांवर जातात. आणि यातल्या कुणालाच दुखत नव्हतं! म्हणजे रिपोर्ट खोटा असतो असं नाही, पण त्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट तुमच्या दुखण्याचं कारण असेलच असं धरून चालू नका. सरकलेली गादीसुद्धा बऱ्याच जणांमध्ये काही महिन्यांत आपोआप आक्रसते.

आता मुख्य प्रश्न, परत का येतं?

मणक्यांना अगदी चिकटून मल्टिफिडस नावाचे छोटे छोटे स्नायू असतात, त्यांचं काम एकेक मणका जागच्या जागी धरून ठेवायचं. कंबर धरली की दुखऱ्या बाजूचा हा स्नायू बारीक होतो, आणि दुखणं गेलं म्हणून तो आपला आपण परत भरत नाही. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स यांनी १९९६ मध्ये हे दाखवलं. पहिल्यांदाच कंबर धरलेले ३९ लोक घेतले, अर्ध्यांना या स्नायूचा खास व्यायाम दिला आणि अर्ध्यांना नेहमीचे उपचार, दोन्हीकडचं दुखणं साधारण सारख्याच वेळात थांबलं पण ज्यांनी व्यायाम केला नाही त्यांचा स्नायू बारीकच राहिला. मग एक वर्षाने विचारलं तर व्यायाम न केलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांचं दुखणं परत आलेलं आणि व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांचं. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण 'मला आता दुखत नाहीये मग व्यायाम कशाला' या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. दुखणं थांबणं आणि कंबर परत कामाला तयार होणं यात काही महिन्यांचं अंतर असतं, आणि त्या अंतरातच आपण व्यायाम सोडून देतो.

दुसरी चूक म्हणजे चुकीचा व्यायाम, तर आधी आपली जात ओळखा. दोन दिवस फक्त लक्ष ठेवा, वहीत लिहिलंत तर उत्तमच. खाली वाकलं, बराच वेळ बसलं, मोजे घातले, शिंक आली की कळ येते आणि चाललं किंवा पालथं पडलं की बरं वाटतं, तर तुम्ही वाकून दुखणाऱ्यांपैकी. उलट उभं राहिलं, चाललं, मागे वाकलं की कंबर आणि पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे झुकलं की मोकळं वाटतं, तर दुसरा प्रकार, हा साठीच्या आसपास आणि पुढे जास्त दिसतो कारण मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते. आणि तिसरे असे की ज्यांना कुठलीच हालचाल वाईट नाही पण एकाच स्थितीत अर्धा-पाऊण तास गेला की दुखतं, मग ते बसणं असो की उभं राहणं.

आता गंमत बघा, पहिल्या प्रकारातला माणूस 'कंबर मोकळी करायची' म्हणून रोज सकाळी उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरतो, गुडघे छातीशी ओढतो, सिटअप्स मारतो. थोडा वेळ छान वाटतं, कारण ताणल्याने स्नायू सैल होतात, पण वीस मिनिटांनी परत जैसे थे, आणि ज्या हालचालीने दुखतं तीच हालचाल दिवसातून पन्नास वेळा होऊन बसते. हे म्हणजे रोज खपली काढून जखम भरायची वाट बघण्यासारखं आहे. मांडीच्या मागची शीर कडक आहे म्हणून ती ताणत बसणाऱ्यांनी तर विशेष जपा, पोटरीपर्यंत खेचल्यासारखं किंवा झिणझिण्या येत असतील तर तो स्नायू नसून बहुतेक नस असते आणि चिडलेल्या नसेला ओढलं की ती आणखी चिडते.

वाकून दुखणाऱ्यांनी सुरुवात पालथं पडून करावी. आधी दोन-तीन मिनिटं नुसतं पालथं, मग कोपरांवर, मग तळहात टेकवून हळूच छाती वर, कमरेखालचा भाग जमिनीलाच, साधारण भुजंगासनासारखं पण जोर हातांचा आणि कंबर ढिली. आठ-दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. हा विचार न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांचा, १९५६ मध्ये त्यांच्याकडचा एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू वर असलेल्या टेबलावर बराच वेळ पालथा पडून राहिला आणि उठल्यावर म्हणाला पाय कित्येक दिवसांत इतका बरा नव्हता! त्यातून जो नियम निघाला तो सायटिकावाल्यांनी, म्हणजे ज्यांचं दुखणं कमरेतून पायात उतरतं त्यांनी, पाठच करावा. व्यायाम करताना पायातलं दुखणं वर सरकत कमरेत गोळा होत असेल तर दिशा बरोबर आहे, कमरेत थोडं जास्त वाटलं तरी. आणि कमरेतलं दुखणं खाली मांडीत, पोटरीत उतरायला लागलं तर लगेच थांबा, तो व्यायाम सध्या तुमचा नाही.

दुसऱ्या प्रकारवाल्यांना हेच भुजंगासन त्रास देईल. त्यांनी उताणं पडून एकेक गुडघा छातीशी घ्यावा, मोठी रपेट टाळून थांबत थांबत चालावं, बसून चालवायची व्यायामाची सायकल तर त्यांना फारच मानवते. एकाच शीटवर सगळ्यांना सगळे व्यायाम छापून देतात ना, तिथे खरी गडबड आहे.

कंबर नुकतीच धरलीय, हलताही येत नाहीये, तेव्हा काय? उताणं पडून पाय खुर्चीवर ठेवा, गुडघ्यात काटकोन, दहा मिनिटं पोटाने श्वास. मग उठून घरातल्या घरात दोन-पाच मिनिटं चाला, मग परत आडवे. दर तास-दीड तासाने असं. दिवसभर अंथरुणाला खिळून राहू नका, थोडीफार हालचाल चालू ठेवणारे लवकर रुळावर येतात हे आता पक्कं झालंय, पूर्वीचा सक्तीच्या बेडरेस्टचा सल्ला केव्हाच मागे पडला. या दिवसांत ताकदीचे व्यायाम नकोत.

कळ ओसरली, साधारण दहापैकी तीन-चारवर आली (शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य) की खरं काम सुरू. कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीतले निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल, ज्यांनी मणक्यावर कुठल्या हालचालीत किती भार येतो हे मोजण्यात आयुष्य घालवलं, त्यांचे तीन व्यायाम मला सगळ्यात भरवशाचे वाटतात कारण त्यात मणका फारसा वाकत नाही आणि स्नायूंना भरपूर काम मिळतं.

पहिला कर्ल-अप, म्हणजे सिटअप नव्हे हं. उताणं पडा, एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात वाकवलेला, दोन्ही तळहात कमरेच्या खळग्याखाली म्हणजे तो खळगा सपाट होणार नाही. आता पोट कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं घट्ट करा आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम उचला, एक कागद सरकेल एवढेच. मान पुढे काढू नका. दहा सेकंद, श्वास चालू. बघणाऱ्याला काही होतंय असं वाटणारही नाही, तुम्हाला मात्र पोट थरथरलेलं कळेल. दुसरा साइड ब्रिज, कुशीवर कोपर टेकून कंबर वर उचलायची, सुरुवातीला गुडघे वाकवून, जमायला लागलं की पाय सरळ. खांदा दुखत असेल तर भिंतीला कोपर टेकून उभ्यानेच करा.

तिसरा बर्ड-डॉग, आणि हा लोक सगळ्यात जास्त चुकवतात म्हणून जरा सविस्तर. हात-गुडघ्यांवर या, मनगटं खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. कमरेवर एखादं पातळ पुस्तक ठेवा, खरंच ठेवा. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, पण पाय वर उचलायचा नाही, टाचेने मागची भिंत ढकलताय असा लांबवायचा. पाय कमरेच्या रेषेच्या वर गेला की कंबर खाली झोल खाते आणि पुस्तक घसरतं. हाताची मूठ आवळा म्हणजे खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या नितंबापर्यंत एक ताण धरल्यासारखा जाणवतो. दहा सेकंद धरा, मग हात आणि गुडघा जमिनीवरून एक हलकी झाडू मारल्यासारखी आत आणून परत बाहेर. पुस्तक एकदाही न पडता दोन्ही बाजू झाल्या की समजा तुमचा मणका स्थिर आहे. हात आणि पाय एकत्र जमत नसेल तर आधी नुसता पाय.

दहा सेकंदांच्या वर धरत बसू नका, जमायला लागलं की वेळ वाढवण्याऐवजी किती वेळा करता तो आकडा वाढवा. पहिल्या फेरीत सहा वेळा, मग चार, मग दोन, असं उतरत या म्हणजे दमल्यावर पोझ बिघडत नाही. कंबरेला दिवसभर टिकणारा स्नायू लागतो, एका झटक्यात ताकद दाखवणारा नंतर बघू. यात नितंबांसाठी ब्रिज जोडा, उताणं पडून गुडघे वाकवून कंबर उचलायची, पण ताण मांडीच्या मागे किंवा कमरेत येत असेल तर टाचा जवळ घ्या आणि आधी नितंब आवळून मगच उचला. बसून बसून हे स्नायू झोपलेले असतात आणि त्यांचं काम कंबर करत असते.

व्यायाम पंधरा मिनिटं आणि वाकणं दिवसभर, हेही लक्षात घ्या. वाकायची बिजागरी खुब्यात आहे, कमरेत नाही. एक काठी पाठीला उभी धरा, डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी टेकलेली, आणि आता नितंब मागे ढकलत पुढे झुका. तीनपैकी एकही जागा सुटली तर कंबर वाकली. रोज आठ-दहा वेळा केलं की काही आठवड्यांत बादली उचलताना, बेसिनवर तोंड धुताना, पोराला कडेवर घेताना हे आपसूक व्हायला लागतं. याचा अर्थ पाठ कधीच वाकवायची नाही असा मात्र नाही, घाबरून काठीसारखं ताठ राहणाऱ्यांचं दुखणं उलट लांबतं. दुखण्याच्या काळात जपा, बरं झालं की थोडं थोडं वाकणंही परत सुरू करा.

सकाळची वेळ वेगळी सांगायला हवी. रात्रभर आडवं पडल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंचसुद्धा असतो, आणि त्या वेळी वाकलं की गादीवर ताण कितीतरी जास्त येतो. म्हणून वाकून दुखणाऱ्यांनी उठल्यावर पहिला तास-दीड तास खोल वाकणं, वजन उचलणं, पुढे वाकायची आसनं सगळं टाळा. सूर्यनमस्कार आवडत असतील तर ते संध्याकाळी घाला किंवा निदान थोडं चालून आल्यावर. इतका छोटा बदल आहे पण बऱ्याच जणांची अर्धी तक्रार एवढ्यानेच कमी होते.

आणि चालणं. याला कुणी व्यायामच म्हणत नाही म्हणून राग येतो. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास आला, नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले ७०१ लोक, अर्ध्यांना फिजिओच्या मदतीने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं चालण्यापर्यंत नेलं, अर्ध्यांना काही नाही. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं ११२ दिवसांत परत आलं, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं परत यायला २०८ दिवस लागले. जवळजवळ दुप्पट, आणि खर्च काय तर बूट! जरा झपझप चाला, हात खांद्यापासून हलू द्या, रमतगमत दुकानं बघत चालण्यात एका जागी उभं राहण्यासारखाच भार कमरेवर येतो. तीस मिनिटं एकदम नसेल झेपत तर दहा-दहाचे तीन तुकडे करा.

बेल्टचं विचारतात बरेच जण. २०१६ मध्ये कंबरदुखी टाळायच्या उपायांवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात बेल्ट आणि बुटातल्या इनसोलने दुखणं टळल्याचं काही दिसलं नाही, व्यायामाने मात्र वर्षभरात परत दुखायचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी कमी झाला आणि व्यायामासोबत नीट समजावूनही सांगितलं तर ४५ टक्क्यांनी. फार दुखत असताना दोन-चार दिवस बाहेर जाण्यापुरता बेल्ट लावला तर लावा, पण त्याच्या जिवावर महिनोन्महिने काढू नका.

'व्यायाम केला की जास्त दुखतं' ही तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची स्थिती बघा. करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि रात्रीतून पूर्ववत झालं तर चालतं, घाबरून सोडू नका. दुसऱ्या सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल तर व्यायाम बरोबर असूनही डोस जास्त झालाय, आकडा निम्मा करा आणि आठवडाभर तिथेच थांबा. निम्म्यावरही तेच होत असेल तर व्यायामाचा प्रकार बदलायला हवा आणि एकदा चांगल्या फिजिओला तुमचं वाकणं, चालणं प्रत्यक्ष दाखवायला हवं, हे व्हिडिओ बघून सुटणारं नाही. सहा आठवडे नीट करूनही काहीच फरक नसेल तरीही तेच.

तिसऱ्या प्रकारवाल्यांसाठी आणि सलग बसणाऱ्यांसाठी महागडी खुर्ची शोधण्यापेक्षा दर तीस-चाळीस मिनिटांनी उठणं जास्त कामाचं. फोन आला की उभं राहायचं एवढी एकच सवय लावा.

किती दिवस करायचं? दुखणं थांबल्यावर किमान तीन महिने रोज, त्यानंतर आठवड्यातून तीनदा तरी, आणि चालणं कायम. तीन महिन्यांनंतर हळूहळू वजनही वाढवा, भरलेली पिशवी एका हातात धरून ताठ चालणं, मग हात बदलणं, हा बाजूच्या स्नायूंसाठी फार छान व्यायाम आहे आणि रोजच्या जगण्याच्या जवळचा. एवढं करूनही मधे एखाद्या वेळी कंबर धरू शकते, प्रवास झाला, ताप येऊन आठवडा झोपण्यात गेला, झोप कमी पडली, डोक्याला ताण असला की शक्यता वाढतेच. तेव्हा सगळं पाण्यात गेलं असं समजू नका. दोन दिवस पाय खुर्चीवर आणि घरात थोडं थोडं चालणं, तिसऱ्या दिवशी तुमच्या जातीची हालचाल, वाकून दुखणाऱ्यांनी पालथं आणि दुसऱ्या प्रकारवाल्यांनी गुडघा छातीशी, आणि कळ तीन-चारवर आली की बर्ड-डॉग निम्म्या आकड्याने. ज्यांचे स्नायू आधीच तयार असतात ते यातून बहुतेक वेळा पूर्वीपेक्षा लवकर बाहेर येतात, आणि कशाने धरली ते वहीत लिहून ठेवलंत तर पुढच्या वेळी फिजिओचंही काम सोपं होतं.